नोंद मालकाची, गरज कामगाराची : गिरणीच्या तिकिटापासून संगणकीय सेवापुस्तकापर्यंत कर्मचारी-दस्तऐवजांचा इतिहास

प्रस्तावना

कामगार-इतिहासाच्या अभ्यासात वेतन, कामाचे तास, संप आणि संघटना या विषयांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले आहे. कामगाराने काम केले याची नोंद कोठे झाली, ती कोणी केली आणि पुढे ती कोणाच्या हाती राहिली, हा प्रश्न मात्र बहुधा कारकुनी स्वरूपाचा मानला गेला. वस्तुतः वेतन, रजा, भरपाई, निवृत्तिवेतन यांपैकी कोणताही हक्क सिद्ध करावयाचा झाल्यास शेवटी एखादा कागद पुढे ठेवावा लागतो. हा कागद तयार करण्याचे साधन मालकाकडे असते आणि त्याची निकड कामगाराला असते. या दोन गोष्टींतील अंतर हा कर्मचारी-दस्तऐवजांच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.

आज कारखाने, बँका, शासकीय कार्यालये आणि महाविद्यालये यांमध्ये कर्मचाऱ्यांची कागदपत्रे संगणकीय मनुष्यबळ-व्यवस्थापन प्रणालींत साठविली जातात. नियुक्तिपत्र, वेतनपत्रक, रजेचा हिशेब, मूल्यमापन अहवाल हे सर्व एका पडद्यावर उपलब्ध होते. या बदलाकडे सामान्यतः कार्यक्षमतेच्या दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याकडे ताब्याच्या दृष्टीने पाहिले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांपासून महाराष्ट्रातील शासकीय व अनुदानित सेवांपर्यंतच्या दीडशे वर्षांच्या अनुभवावरून असे दिसते की, नोंदीची एक प्रत कामगाराच्या स्वतःच्या हाती असावी हे तत्त्व कागदाच्या युगात कष्टाने प्रस्थापित झाले. संगणकीकरणाच्या ओघात ते नकळत सैल होण्याचा संभव आहे.

१. मुकादमाची स्मृती आणि गिरणीची वही

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढील काही दशकांत गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि कोकण व देशावरून आलेल्या हजारो माणसांना त्यांत काम मिळाले. या माणसांची भरती गिरणीच्या कचेरीत होत नसे. ती मुकादम अथवा जॉबर करीत असे. कोणाला कामावर घ्यावयाचे, कोणाला परत पाठवावयाचे, गैरहजर माणसाच्या जागी कोण उभा राहणार, हे त्याच्या शब्दावर ठरे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकिणीकडे असे. काम मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी मुकादमाला दस्तुरी द्यावी लागे, ही बाब त्या काळातील चौकशी अहवालांत वारंवार आलेली आहे.

या व्यवस्थेत कामगाराजवळ नियुक्तीचा कोणताही कागद नसे. गिरणीच्या हजेरी वहीत त्याचे नाव असले तरी ती वही हजेरी कारकुनाच्या टेबलावर राही. वाद उद्भवला तर मुकादमाची स्मृती आणि कचेरीची वही हे दोनच साक्षीदार उरत आणि दोन्ही मालकाच्या बाजूचे असत. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुकादमाची सत्ता सर्वंकष नव्हती, तिला वस्तीतील व गिरणीतील संबंधांच्या मर्यादा होत्या, असे दाखवून दिले आहे. हे मान्य केले तरी लेखी पुराव्याच्या बाबतीत कामगार निःशस्त्र होता, या वस्तुस्थितीत फरक पडत नाही.

कायद्याने या क्षेत्रात प्रथम पाऊल टाकले ते बालकामगारांच्या निमित्ताने. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांपुरते मर्यादित केले. १८९१ च्या दुरुस्तीने किमान वय नऊ वर्षे झाले. वयाची अट आली तेव्हा वयाचा पुरावा आवश्यक झाला. जन्माची नोंद नसलेल्या समाजात कामगाराचे वय कागदावर उतरविण्याचा प्रसंग कारखान्याच्या दारात आला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याच सुमारास कामगारांच्या बाजूनेही मागणी पुढे आली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व अपघाताची भरपाई यांबरोबरच मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावे, अशी मागणी होती. वेतन थकवून ठेवण्याच्या पद्धतीमुळे कामगार गिरणीशी बांधला जाई. किती दिवस भरले आणि किती वेतन थकले याचा हिशेब ज्याच्या वहीत, त्याच्या हाती दुसऱ्याची सुटका, असा हा व्यवहार होता.

२. बदली कार्ड व रजा पुस्तक : दुसऱ्या प्रतीचा उदय

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने, म्हणजेच शाही कामगार आयोगाने, १९३१ मध्ये अहवाल सादर केला. भरतीचे अधिकार मुकादमाकडून काढून ते कामगार अधिकाऱ्याकडे द्यावेत, ही त्यातील एक महत्त्वाची शिफारस होती. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण पद्धत सुरू केली. तीनुसार दर महिन्याच्या आरंभी ठरावीक संख्येच्या बदली कामगारांना कार्ड दिले जाई. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहावयाचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यामधूनच भरावयाच्या, असा नियम होता. मालकांचा उद्देश भरतीत शिस्त आणण्याचा होता. तथापि या पद्धतीचा एक परिणाम असा झाला की, कायम नसलेल्या कामगाराच्या खिशातही प्रथमच गिरणीने दिलेला एक कागद आला.

या कागदाला पुढे कायद्याची जोड मिळाली. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याखालील नमुना स्थायी आदेशांत कामगारांचे कायम, परिविक्षाधीन, बदली, तात्पुरते, नैमित्तिक व शिकाऊ असे वर्ग करण्यात आले. कायम कामगाराला तिकीट आणि बदली कामगाराला कार्ड देण्याची तरतूद झाली. बदली कार्डावर त्याने काम केलेल्या दिवसांची नोंद करावयाची होती. कायम कामगाराला सेवा संपतेवेळी सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्कही याच आदेशांत आहे.

या परंपरेतील सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे रजा पुस्तक. १९४८ च्या कारखाना कायद्याने भरपगारी वार्षिक रजेचा हक्क दिला. त्या कायद्याखाली नमुना नियमांच्या धर्तीवर राज्यांनी जे नियम केले, त्यांत कारखान्याने रजेची नोंदवही ठेवावी आणि त्याखेरीज प्रत्येक पात्र कामगाराला रजा पुस्तक द्यावे, अशी तरतूद होती. हे पुस्तक कामगाराची मालमत्ता राहील, व्यवस्थापकाने आवश्यक त्या नोंदी करण्यापुरतेच ते मागावे आणि एका वेळी एका आठवड्याहून अधिक काळ आपल्याकडे ठेवू नये, असे त्यात स्पष्ट केलेले होते.

या तरतुदीमागील विचार समजून घेण्यासारखा आहे. नोंद कोणी करावी याबाबत नियमकर्त्यांच्या मनात संदेह नव्हता. ते काम व्यवस्थापकाचेच होते. परंतु नोंद ज्यावर होते तो कागद कोणाचा, हा प्रश्न त्यांनी वेगळा काढला आणि त्याचे उत्तर कामगाराच्या बाजूने दिले. कारखान्याची वही आणि कामगाराचे पुस्तक या दोन प्रती परस्परांची पडताळणी करीत. एका प्रतीत खाडाखोड झाली तर दुसरी ती उघड करीत असे. कारखाना बंद पडला, मालक बदलला किंवा वही हरवली तरी कामगाराच्या ट्रंकेत त्याचा हिशेब शिल्लक राही. कंत्राटी कामगारांबाबत १९७० चा कायदा व १९७१ चे केंद्रीय नियम आले, तेव्हाही हाच विचार पुढे चालविण्यात आला. कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत रोजगारपत्र आणि काम संपल्यावर सेवा प्रमाणपत्र देण्याचे बंधन कंत्राटदारावर घालण्यात आले. या तरतुदींचे पालन सर्वत्र झाले असे म्हणता येणार नाही. परंतु तत्त्व म्हणून त्या निःसंदिग्ध होत्या.

३. दप्तर त्रयस्थाकडे : माथाडी मंडळांचा प्रयोग

ज्या कामगाराला एकच मालक नाही, त्याची नोंद कोणी ठेवावी? मुंबईच्या गोदी परिसरात, बाजारपेठांत व रेल्वेच्या मालधक्क्यांवर ओझी वाहणारा माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याचे आणि दुपारी दुसऱ्याचे काम करी. टोळीच्या मुकादमापलीकडे त्याच्या कामाचा कोणताही लेखी मागमूस नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीच्या परिणामी १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा संमत झाला.

या कायद्याने निर्माण केलेल्या मंडळांवर मालक, कामगार व शासन या तिघांचे प्रतिनिधी असतात. मालक आणि कामगार दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होते. मालकाने मजुरी व तीवरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, उपदान इत्यादी लाभ द्यावयाचे, अशी ही रचना आहे. दस्तऐवजांच्या इतिहासाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व असे की, येथे नोंद मालकाच्या कचेरीतून बाहेर पडली आणि दोन्ही पक्षांना बांधील असलेल्या संस्थेच्या दप्तरात गेली. मालक बदलला तरी कामगाराचे खाते अखंड राहू लागले. भविष्य निर्वाह निधीच्या क्षेत्रात नोकरीबरोबर खाते क्रमांक बदलण्याची अडचण दूर करणारा सार्वत्रिक खाते क्रमांक ऑक्टोबर २०१४ मध्ये आला. त्याआधी साडेचार दशके महाराष्ट्राने हमालासाठी तेच तत्त्व कागदावर उतरविले होते.

४. सेवापुस्तक आणि गोपनीय अहवाल

शासकीय व अनुदानित सेवेत कर्मचाऱ्याचे अवघे सेवाजीवन सेवापुस्तकात सामावलेले असते. जन्मतारीख, नियुक्ती, वेतनवाढी, रजा, बदल्या, वेतननिश्चिती आणि सेवेची पडताळणी यांच्या नोंदी त्यात होतात व निवृत्तिवेतनाचे प्रकरण त्यावरच उभे राहते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट १९८१ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियमांत सेवापुस्तकाविषयी तपशीलवार तरतुदी आहेत. एकदा लिहिलेली जन्मतारीख पुढे सहजासहजी बदलता येत नाही आणि दुरुस्तीचा अर्ज सेवाप्रवेशापासून पाच वर्षांनंतर सामान्यतः विचारात घेतला जात नाही, हे सर्वज्ञात आहे.

यावरून कर्मचाऱ्याने आपले सेवापुस्तक वेळोवेळी पाहणे किती आवश्यक आहे हे ध्यानात येते. केंद्र शासनाच्या पूरक नियमांत कार्यालयप्रमुखाने दरवर्षी सेवापुस्तक कर्मचाऱ्याला दाखवून पाहिल्याची स्वाक्षरी घ्यावी, असे सांगितलेले आहे. महाराष्ट्रात दुय्यम सेवापुस्तकाची पद्धत रूढ आहे. मूळ पुस्तक कार्यालयात आणि दुय्यम प्रत कर्मचाऱ्याजवळ, ही रचना रजा पुस्तकाच्या तत्त्वाशी थेट जुळणारी आहे. दुय्यम प्रत अद्ययावत ठेवण्याकडे मात्र अनेकदा दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष होते. वेतन पडताळणीच्या वेळी किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर एखादी सुटलेली नोंद सापडते, तेव्हाच त्या प्रतीची किंमत कळते.

सेवापुस्तक निदान दाखविण्यासाठी होते. गोपनीय अहवाल मात्र न दाखविण्यासाठीच होता. प्रदीर्घ काळ केवळ प्रतिकूल शेरे कर्मचाऱ्याला कळविले जात. अन्य शेरे त्याच्या पदोन्नतीवर परिणाम करीत असले तरी ते त्याला अज्ञात राहत. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या परिस्थितीचा विचार केला. त्या प्रकरणातील अधिकाऱ्याला 'चांगला' असा शेरा मिळाला होता. शेरा प्रतिकूल नसल्याने तो कळविला गेला नाही; परंतु पदोन्नतीसाठी 'अतिशय चांगला' हा निकष असल्याने त्याच शेऱ्याने त्याची संधी गेली. अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळविली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायम केला. आपल्याविषयी लिहिलेले आपल्याला कळण्याचा हक्क सेवाविधीत अशा रीतीने प्रस्थापित झाला. त्यासाठी स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे जावी लागली.

५. हजेरीपट आणि पुराव्याचा भार

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा अखंड मानली जाई व त्याला कपातीविरुद्ध संरक्षण मिळे. हे २४० दिवस सिद्ध कोणी करावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये रेंज फॉरेस्ट ऑफिसर विरुद्ध हदिमनी या प्रकरणात तो भार कामगारावर टाकला. केवळ प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही, असे सांगितले. परंतु रोजंदारी कामगाराजवळ नियुक्तिपत्र नसते, वेतनाची पावती नसते आणि सेवासमाप्तीचा आदेशही नसतो. ही अडचण आर. एम. येल्लट्टी प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विचारात घेतली. भार प्रथमतः कामगारावरच आहे. परंतु त्याने साक्ष देऊन मालकाकडील हजेरीपट व वेतन नोंदवह्या हजर करण्याची मागणी करावी आणि त्या पुढे न आल्यास काय अनुमान काढावयाचे हे प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून ठरेल, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. दुसरी प्रत नसलेल्या कामगाराला आपल्याच श्रमाचा पुरावा प्रतिपक्षाकडे मागावा लागतो, हे या निर्णयांतून स्पष्ट होते.

हजेरीपट खुला झाल्याने काय घडू शकते याचे उदाहरण राजस्थानात मिळते. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. शासकीय कामांवरील हजेरीपट गावासमोर वाचले गेले, तेव्हा न केलेल्या कामाची मजुरी खर्ची पडल्याचे मजुरांनीच उघड केले. १९९६ मध्ये ब्यावर येथे झालेल्या धरणे आंदोलनात अशा कागदांच्या प्रती मिळण्याची मागणी केंद्रस्थानी होती. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर २००२ चा माहितीचा अधिकार कायदा आला आणि २००५ मध्ये केंद्रीय कायदा झाला. माहितीच्या अधिकाराच्या उगमाशी मजुराच्या हजेरीची नोंद आहे, ही बाब कामगार-इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

६. गिरण्या गेल्या, कागद उरले

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि गिरणगावात व्यापारी संकुले व मनोरे उभे राहिले. गिरण्यांच्या जमिनींच्या विकासातून कामगारांना घरे देण्याचे धोरण ठरले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार अथवा त्याचा वारस पात्र मानण्यात आला.

पटावर होता हे सिद्ध करण्यासाठी अर्जदाराने काय सादर करावयाचे? ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सेवा प्रमाणपत्र, लाल पास, भविष्य निर्वाह निधी क्रमांक, राज्य कामगार विमा क्रमांक, हजेरीपत्रक, उपदानाची पावती, पगाराची पावती अशी कागदपत्रे म्हाडाच्या यादीत होती. २०२३ मध्ये म्हाडाने सुमारे दीड लाख अर्जदारांच्या पात्रता निश्चितीची मोहीम हाती घेतली, तेव्हा संपाला चार दशके उलटून गेली होती. गावी परतलेल्या किंवा दिवंगत झालेल्या कामगारांच्या मुला-नातवंडांनी जुन्या पेट्या उघडल्या. ज्या गिरणीने ते कागद दिले ती अस्तित्वात नव्हती. त्यांवर सही करणारा कारकून हयात असेलच असे नव्हते. तरीही कामगाराने जपून ठेवलेला पिवळा पडलेला कागद शासनाच्या टेबलावर ग्राह्य धरला गेला. १९४६ व १९४८ च्या नियमांनी कागद कामगाराच्या हाती देण्याचे महत्त्व या एका उदाहरणावरून जितके पटते, तितके अन्य कशानेही पटणार नाही. कागद नव्हता त्यांच्या वाट्याला मात्र हेलपाटे आले.

७. संगणकीय प्रणालींचे युग

कर्मचारी-नोंदींत संगणकाचा प्रवेश वेतनाच्या हिशेबापासून झाला. ब्रिटनमधील लायन्स या चहा व्यवसायातील कंपनीने 'लिओ' नावाच्या आपल्या संगणकावर १९५० च्या दशकात कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे गणित सुरू केले. १९८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या पीपलसॉफ्ट या कंपनीने मनुष्यबळाच्या नोंदी हेच आपले मुख्य क्षेत्र मानले. पुढे महाजालाचा प्रसार झाला आणि कर्मचाऱ्याला स्वतःच्या संकेतशब्दाने आपली कागदपत्रे पाहता येऊ लागली. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिली. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी नऊ कामगार कायद्यांखालील ५६ नोंदवह्यांऐवजी पाच सामायिक नोंदवह्या ठेवण्याची व त्या संगणकावर ठेवण्याची मुभा दिली. त्याच वर्षी केंद्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ई-एचआरएमएस प्रणाली सुरू केली. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांसाठी सेवार्थ, शाळांसाठी शालार्थ आणि उच्च व तंत्रशिक्षण क्षेत्रासाठी एचटीई-सेवार्थ या प्रणाली प्रचारात आल्या.

या प्रणालींचे लाभ निर्विवाद आहेत. वेतनपत्रक घरबसल्या मिळते, रजेची शिल्लक तत्काळ कळते, फाइल गहाळ होण्याची भीती कमी होते. प्रत्येक बदलाची वेळ व बदल करणाऱ्याचे नाव प्रणालीत आपोआप नोंदविले जाऊ शकते. कागदी वहीतील खाडाखोड शोधणे त्या मानाने कठीण होते. कोणी काय पाहावे हेही प्रणालीत ठरवून देता येते. लेखा शाखेला वेतन दिसावे पण वैद्यकीय दाखला दिसू नये, अशी सोय कपाटाच्या एका किल्लीने साधत नसे.

तथापि तीन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली सत्यतेची. प्रणाली नोंद जतन करते, नोंदीची सत्यता ठरवीत नाही. नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीच्या आधारे वेतन उचलल्याच्या आरोपांवरून २०२५ मध्ये गुन्हे दाखल झाले. हजेरीपटावरील खोट्या नावांचा जुना प्रश्न नव्या साधनातही उद्भवू शकतो, हे त्यावरून दिसते.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची. कपाटातील फाइल एका वेळी एकाच ठिकाणी असे; संगणकीय फाइल क्षणात अनेकांकडे जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात कर्मचाऱ्याला मिळालेल्या कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा व मालमत्तेचे तपशील ही सामान्यतः व्यक्तिगत माहिती मानली आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी निर्णयाने गोपनीयतेचा हक्क मूलभूत ठरविला. हजेरीपट लोकांसमोर वाचला जावा आणि वैयक्तिक फाइल मात्र झाकलेली राहावी, या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. त्यांची सीमारेषा कोणत्या दस्तऐवजाचा संबंध सार्वजनिक पैशाशी आहे आणि कोणत्याचा व्यक्तीच्या खासगी जीवनाशी, हे पाहूनच आखावी लागते.

तिसरी आणि सर्वांत मूलभूत मर्यादा ताब्याची. प्रणालीत कर्मचाऱ्याला मिळते ते दस्तऐवजाचे दर्शन. दस्तऐवज संस्थेच्या सर्व्हरवर अथवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे राहतो. खासगी क्षेत्रात नोकरी सुटताच संकेतशब्द रद्द करण्याची पद्धत आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती समर्थनीय आहे. परंतु उपदान, निधी किंवा अनुभवाचा दाखला यांसाठी कागदांची गरज नेमकी तेव्हाच निर्माण होते. रजा पुस्तक व्यवस्थापकाने आठवड्याहून अधिक काळ ठेवू नये, असा नियम होता. संगणकीय रजेचा हिशेब मात्र कायम व्यवस्थापनाकडेच राहतो.

नव्या कायद्यांनी हा प्रश्न पूर्णतः सोडविलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देण्याची व्यावसायिक सुरक्षा संहितेतील तरतूद ही मोठी प्रगती आहे. संहितांनी इलेक्ट्रॉनिक नोंदवह्यांनाही मान्यता दिली आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा मात्र वेगळी अडचण उभी करतो. त्याच्या कलम ७ नुसार सेवायोजनाच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याच्या माहितीचा वापर त्याच्या संमतीविना करता येतो. आपली माहिती मागण्याचा कलम ११ मधील हक्क संमती दिलेल्या व्यक्तीच्या संदर्भात शब्दबद्ध झालेला आहे. ही दोन कलमे एकत्र वाचली असता, मालकाने संमतीविना ठेवलेली माहिती मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला कितपत मिळेल, अशी शंका उपस्थित होते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. या काळात या शंकेचा विचार होणे अगत्याचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. मुकादमाच्या तोंडी शब्दापासून बदली कार्डापर्यंत आणि गोपनीय अहवालापासून त्याच्या प्रकटीकरणापर्यंतचा प्रवास हा नोंदीत कामगाराला वाटा मिळण्याचा प्रवास आहे. त्यात तीन उपाय आढळतात. कामगाराच्या मालकीची दुसरी प्रत, मालकाबाहेरील संस्थेकडे असलेले दप्तर आणि लिहिलेली प्रत्येक नोंद कळविण्याचे बंधन, हे ते तीन उपाय होत. यांपैकी एकही उपाय संगणकाशी विसंगत नाही. किंबहुना संगणकाने ते तिन्ही अधिक सुलभ होतात.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरच्या व्यवस्थेत दस्तऐवज देणारी संस्था तो धारकाच्या स्वतःच्या खात्यात उपलब्ध करून देते. विद्यार्थ्याची गुणपत्रिका आज त्याच्या खात्यात राहू शकते. त्याला शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे मूळ सेवापुस्तक मात्र अद्याप कार्यालयाच्या कपाटात किंवा कार्यालयाच्या नियंत्रणाखालील प्रणालीत असते. सेवेतील प्रत्येक नोंद होताच तिची स्वाक्षरीत प्रत कर्मचाऱ्याच्या खात्यात जावी, सेवा संपल्यावरही ती त्याच्याकडे राहावी आणि तीत झालेला प्रत्येक बदल त्याला कळविला जावा, एवढी सोय केली तरी रजा पुस्तकाचे जुने तत्त्व नव्या साधनात उतरेल. तोपर्यंत महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांनी आपले दुय्यम सेवापुस्तक अद्ययावत करून घेणे आणि प्रणालीतील कागदांच्या प्रती वेळोवेळी स्वतःजवळ ठेवणे इष्ट ठरेल. गिरणी कामगारांच्या जुन्या पेट्यांतील कागदांनी चाळीस वर्षांनंतर जे सिद्ध केले, ते पुढील पिढीलाही सिद्ध करावे लागणार आहे.